खिशातलं वाचायचं नाही

रफूवालीच्या दुकानात एक नेम होता, तिच्या आईपासून चालत आलेला. कपडा हातात आला की आधी त्याचे खिसे रिकामे करायचे. किल्ली निघो, चिठ्ठी निघो, औषधाची गोळी निघो. मान खिडकीकडे वळवायची, खिसा लिफाफ्याच्या तोंडावर उलटा करायचा, लिफाफा चिकटवायचा आणि टाचणीने त्याच कपड्याला लावून टाकायचा. खिशातलं वाचायचं नाही. "माणसं आपल्याकडे भोक बुजवायला येतात," आई म्हणायची, "ते पडलं कसं हे सांगायला नाही. ज्याला सांगावंसं वाटेल तो आपणहून सांगेल."

आईला जाऊन तीन वर्षं झाली, पण रफूवालीने नेम मोडला नव्हता. सकाळी दुकान उघडलं की दोन मिनिटं डोळे मिटून बसायचं, मग सुई ओवायची, आणि दिवसभर कुणाच्या खिशात डोकवायचं नाही, एवढंच तिचं व्रत. साधं होतं; पण रोजचं होतं, म्हणून वाटतं तितकं सोपं नव्हतं.

गिऱ्हाइकांची नावंसुद्धा ती विचारायची नाही. चिठ्ठीवर कपडाच लिहायची. 'निळी विजार, गुडघा.' 'तपकिरी शाल, उंदीर.' कपडा कुठे झिजलाय यावरून माणूस काय करतो ते तिला बसल्या जागी कळायचं, निदान तिला तसं वाटायचं. 'करडा कोट, डावं कोपर' म्हणजे एक पन्नाशीची, हळू बोलणारी बाई. वर्षातून तीनदा तरी डावं कोपर विरवून आणायची. ही कुठल्यातरी तिकीट-खिडकीवर बसत असणार, दिवसभर कोपरावर रेलून, असं रफूवालीने मनाशी ठरवून टाकलं होतं. विचारलं मात्र कधीच नव्हतं.

दुकानाच्या वर दोन जिने चढलं की घर, आणि घरात धाकटी बहीण. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणू लागले ते तिच्या चौतिसाव्या वर्षापर्यंत म्हणत राहिले. संध्याकाळी दुकान बंद झालं की दोघी बहिणी पुलापलीकडच्या बाकापर्यंत फिरायला जायच्या. भिंगरी पुढे, ताई मागे. वाटेत दिसेल त्याची भिंगरी नक्कल करायची आणि कुणीच दिसलं नाही तर ताईची. "ताई, तू बदकासारखी चालतेस गं. मागून पिल्लं येतायत का बघ." रफूवाली रागावल्यासारखं करायची. आता तिला वाटायचं, त्या बाकावर बसून त्या पोरीने आणखी एकदा बदक म्हणावं. बाकी देवाकडे काही मागणं नाही.

तीन वर्षांपूर्वी मोठ्या चौकात आई कोसळली तेव्हा तिचा हात भिंगरीच्या हातात होता. रफूवाली दुकानातून धावत पोचली, तोवर सगळं आटोपलं होतं. तेराव्या की चौदाव्या दिवशी तिने एकदाच विचारलं होतं, "शेवटी काही बोलली का गं आई?" भिंगरीने मान भिंतीकडे फिरवली. रफूवालीने पुन्हा तो विषय काढला नाही. पण दिवसभर सुई चालायची तशी ती हुरहुर आतल्या आत चालू असायची: काय म्हणाली असेल? आपलं नाव घेतलं असेल का?

त्यानंतर भिंगरीचं जग आटत गेलं. आधी चौक सुटला. मग पूल आणि त्यापलीकडचा बाक. मग कोपऱ्यावरची टपालपेटी. बाहेर पाऊल टाकलं की छातीत धडधडायचं, हातपाय गार पडायचे, आता आपण इथेच पडणार असं वाटायचं, आणि ती भिंतीला धरून परत फिरायची. ताईने काही सुचवलं की उत्तर एकच: "नको." चल टपालपेटीपर्यंत. नको. गच्चीवर? नको. मैत्रिणीला बोलवू? नको. घरात बसून ती ताईच्या कामाचे धागे निवडायची, रंगाला रंग इतका अचूक लावायची की गिऱ्हाइकाला भोक कुठे होतं ते शोधावं लागे. पण बोलणं संपलं होतं. बारा माणसांचा गलबला एकटी करणारी पोर तोंडात गुळणी धरल्यासारखी बसून असायची.

टपालपेटी सुटायच्या आधी शेजारच्या चष्म्याच्या दुकानातले काका एकदा म्हणाले, "अहो, त्या कोपऱ्यावरच्या शांतीवाल्यांकडे न्या की! मनावरच्या उपचारांचा केवढा बोर्ड आहे. माझा मेहुणा झोपेत ओरडायचा. आता नाही ओरडत."

"आता झोपतो नीट?"

"नाही, आता झोपतच नाही. पण ओरडत नाही ना!"

काकांचं बोलणं हसण्यावारी न्यायला हवं होतं. पण कोपरा जवळ होता, दीडशे पावलांवर, आणि भिंगरीला तेव्हा तेवढं चालवत होतं. रफूवालीने मनधरणी करून तिला नेलं. शांतीवाल्यांच्या खोलीत भिंतभर प्रमाणपत्रं होती, सोनेरी चौकटीत. त्यांनी भिंगरीचं दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "सगळे मनाचे खेळ. भीती अशी मोडायची नसते, अशी मोडायची असते." आणि दंडाला धरून तिला थेट मोठ्या चौकात नेलं, आईच्या त्याच चौकात, मधोमध उभं केलं आणि स्वतः पलीकडे जाऊन उभे राहिले. "या आता एकट्या!"

ती आली नाही. खाली बसली. रफूवालीने तिला उचलून आणल्यासारखं घरी आणलं. त्या दिवसानंतर भिंगरी जिन्याच्या शेवटच्या पायरीच्या खाली उतरली नाही. पुढे चौकशी केली तेव्हा कळलं की त्या सोनेरी चौकटींमध्ये दोन रविवारांच्या शिबिराचा कागद होता आणि बाकीचे वक्तृत्व स्पर्धेचे.

रफूवालीने स्वतःला फार बोल लावला. कुणी फाटका कपडा आणला तर ती आधी तो उजेडात धरून पोत बघायची, वीण बघायची, मग सुई लावायची. आणि आपल्या बहिणीला मात्र बोर्ड बघून एकाच्या हवाली केलं!

मग ती आरोग्य केंद्रात गेली. खिडकीवरच्या बाईपुढे रांग होती, बाई कावलेली होती, पण रफूवालीने सगळं सांगितल्यावर तिने हातातलं काम बाजूला ठेवलं.

"परवाना बघितला होतात का त्याचा?"

"प्रमाणपत्रं होती हो. भिंतभर."

"प्रमाणपत्र कुणीही लावतं, माझ्या मुलाकडे पोहण्याचं आहे. परवाना वेगळा." तिने कपाटातून एक छापील यादी काढली. "हे आपल्या भागातले नोंदणी झालेले मानसशास्त्रज्ञ. नावापुढे आकडा आहे ना, तो परवान्याचा. आधी परवाने देणाऱ्या परिषदेला फोन करायचा, आकडा सांगायचा, चालू आहे का विचारायचं. मग ह्यांना फोन. आणि भेटल्यावर त्यांनाही विचारायचं, लाजायचं नाही. जो चिडेल त्याच्याकडे जायचंच नाही."

"ही यादी ताजी आहे ना?"

बाईने यादी उलटी करून तारीख पाहिली आणि जरा ओशाळली. "दोन वर्षांपूर्वीची आहे. नवी यायची आहे. येईल."

यादीत नऊ नावं होती. रफूवालीने ती दुकानात कापायच्या फळ्यावर पसरली, वर कात्री ठेवली आणि रोज दुपारी जरा निवांत झालं की एकेक फोन करू लागली. आधी परिषदेला, मग त्या माणसाला. नावापुढे बारीक अक्षरात लिहायची. पहिले गृहस्थ निवृत्त होऊन लेकीकडे राहायला गेले होते. दुसऱ्या बाई फक्त लहान मुलांना बघायच्या. तिसऱ्यांकडे आठ महिन्यांनंतरची वेळ मिळत होती. चौथ्या ठिकाणी फोन घेणारी म्हणाली, "आम्ही फक्त विवाहित जोडप्यांना बघतो. तुमची बहीण विवाहित आहे का?"

"नाही."

"मग तुम्ही?"

"मीही नाही."

"मग तुमचं भांडण कुणाशी आहे?"

"माझं कुणाशीच भांडण नाही हो," असं म्हणून रफूवालीने फोन ठेवला आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिला हसू आलं. वर जाऊन तिने ते भिंगरीला सांगितलं. भिंगरीच्या ओठाचा कोपरा जरासा हलला. तेवढ्यावर रफूवाली दोन दिवस जगली.

पाचवे भले होते, पण बसने तासभर लांब. सहाव्या बाई पडद्यावरून बोलायला तयार होत्या; रफूवालीने फोन समोर उभा करून ठेवला, तर भिंगरीने त्याच्यावर उशीचा अभ्रा टाकला. "नको." सातवे वारले होते, त्यांच्या बायकोने फोनवर अर्धा तास रफूवालीशी गप्पा मारल्या आणि शेवटी तीच म्हणाली, बरं वाटलं हो बोलून. आठव्यांचा परवाना परिषदेत चालू निघाला नाही. नवव्या नावावर रफूवालीने पहिल्याच दिवशी काट मारली होती, कारण पत्ता पुलापलीकडचा होता. जी पोर दारातून उतरत नाही ती पूल कसा ओलांडणार?

आठ संपले त्या दिवशी तिने हात टेकले. डोळे मिटून बसली, पण रोजची प्रार्थना ओठांवर येईना. मग तिला वाटलं, आपण काट मारली खरी, पण विचारलं कुठे? विचारल्याशिवाय नाही म्हणणारे आपण कोण? तिने परिषदेला आकडा सांगितला. चालू होता. मग तिने नवव्या नावाचा फोन लावला.

कपाटात काहीतरी घरघरलं.

रफूवालीला वाटलं, उंदीर. तपकिरी शालीची आठवण होऊन ती उठली आणि फोन कानाशी तसाच धरून तिने कपाट उघडलं. करडा कोट टांगलेला होता, सकाळीच आलेला, डावं कोपर पुन्हा विरलेलं. त्याला टाचलेला लिफाफा थरथरत होता. तिने सकाळी मान खिडकीकडे वळवून खिसा उलटा केला तेव्हा काहीतरी जड पडलं होतं एवढं तिला आठवलं. फोन ठेवला. लिफाफा गप्प झाला. तिने पुन्हा लावला. लिफाफा पुन्हा घरघरायला लागला.

तीन वर्षं हा कोट आपल्या हातात येत होता. त्याच्या खिशातून काय काय निघालं असेल, कार्ड, पावत्या, पत्त्याचे कागद, आणि आपण प्रत्येक वेळी मान वळवून ते लिफाफ्यात बंद करत आलो! कुणी म्हणेल, केवढा हा वेडेपणा. तिला स्वतःलाही क्षणभर तसंच वाटलं. हात लिफाफ्याकडे गेला. आत आणखी एखादं कार्ड असेल, त्यावर आताचा पत्ता असेल. मग तिने हात मागे घेतला, कपाटाचं दार उघडंच ठेवलं आणि समोर खुर्ची ओढून बसली. रफूवाली लिफाफ्याकडे बघत राहिली आणि दुपार कलली.

दिवे लागायच्या वेळी करडा कोट स्वतः आली, कोटाशिवाय, धापा टाकत.

"माझा फोन राहिलाय का हो इथे? कामाचा आहे. दिवसभर शोधतेय."

"लिफाफ्यात आहे," रफूवाली म्हणाली. "दोनदा वाजला. मीच वाजवला."

बाईंनी लिफाफा फाडला, फोन पाहिला, मग तिच्याकडे पाहिलं. रफूवालीने फळ्यावरची यादी पुढे सरकवली. नवव्या नावावरची काट तिने तेवढ्यात खोडरबराने पुसली होती, तरी दिसत होती.

"हे तुम्ही?"

"मी."

"आणि मी तुम्हाला तिकीट-खिडकीत बसवलं होतं!"

"का बरं?"

"कोपरावरून."

बाई हसल्या. "ऐकताना मी खुर्चीच्या हातावर रेलते. सवय आहे. आणि तो जुना पत्ता. दीड वर्ष झालं, मी टपाल कचेरीमागच्या गल्लीत आले, घड्याळवाल्यांच्या वर. बोर्ड नाही लावला. येणाऱ्यांना तेच बरं वाटतं."

टपाल कचेरीमागची गल्ली! रफूवालीचे डोळे भरून आले. पण एकदा तोंड भाजलेलं होतं, म्हणून तिने पदराने डोळे पुसले आणि विचारलं, "रागावू नका. तुमचा परवान्याचा आकडा सांगाल?"

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी आकडा सांगितला, रफूवालीने यादीवर बोट ठेवून एकेक अंक जुळवला. मग तिने सगळं सांगितलं: चौक, आईचा हात, शेवटची पायरी, शांतीवाले. बाई उभ्याउभ्या ऐकत होत्या आणि त्यांचं डावं कोपर आपोआप फळ्यावर टेकलं होतं.

"मी त्यांना भेटेन," त्या म्हणाल्या. "तुमची माझी ओळख कोटापुरती, त्यामुळे चालेल. पण तीन गोष्टी. फोन त्यांनी करायचा, तुम्ही नाही. मोठ्या माणसाची वेळ दुसऱ्याने नाही घ्यायची."

"ती नाही करणार हो! ती नको म्हणेल."

"मग नको. दुसरं, त्या माझ्याशी जे बोलतील ते त्यांचं. तुम्ही मला विचारायचं नाही आणि मी सांगणार नाही."

काय म्हणाली असेल आई, हा प्रश्न रफूवालीच्या ओठांवर आला आणि तिथेच थांबला.

"आणि तिसरं?"

"तिसरं मला जड जाणार आहे. त्या येत असतील तोवर हा कोट मला दुसरीकडे द्यावा लागेल. एका घरात दोन नाती नकोत."

"दुसरीकडे? ठिगळ लावतील हो ते!"

"लावू देत," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी रफूवालीने टपाल कचेरीमागच्या गल्लीपर्यंत पावलं मोजली. तीनशे बारा. तिने एका चिठ्ठीवर बाईंचं नाव, फोन, परवान्याचा आकडा आणि खाली 'तीनशे बारा पावलं' असं लिहिलं. आता हे द्यायचं कसं? हातात दिलं तर नको येणार, हे तिला ठाऊक होतं.

दारामागे खुंटीला भिंगरीचा फिरायला जायचा हिरवा कोट तीन वर्षं लटकत होता. त्याच्या बाहीला कसरीने खाल्लेलं एक भोक होतं. रफूवालीने तो खाली नेला. रफू करायचं तर बाहेरचा धागा चालत नाही. कपड्याच्याच आतल्या शिवणीतून, जिथे कुणाची नजर जात नाही तिथून, दोन-चार धागे ओढून काढायचे आणि भोकावर विणायचे. तिने तेच केलं. मग चिठ्ठी लिफाफ्यात घातली, चिकटवली, टाचणीने कोटाला लावली आणि कोट परत खुंटीला अडकवला.

"हे काय?" भिंगरीने विचारलं.

"खिशातलं आहे. तुझं आहे."

भिंगरीने लिफाफ्याकडे पाहिलं आणि धागे निवडायला बसली.

पहिला आठवडा गेला. लिफाफा जागचा हलला नाही. रफूवाली सकाळी खाली जाताना बघायची, दुपारी जेवायला वर आली की बघायची. दुसरा आठवडा गेला. विचारायला जीभ शिवशिवायची. ती मनाला बजावायची, बाई गं, आता तुझं काम संपलं. पण मन ऐकतंय कुठे? तिला वाटायचं, डोळ्यांत तेल घालून शोधलं, सापडलं, आणि आता ते टाचणीला लटकून राहणार.

विसाव्या दिवशी ती वर आली तर कोटाला टाचणी होती, लिफाफा नव्हता.

तिने ताट वाढलं. भिंगरीने दोन घास खाल्ले आणि म्हणाली, "तीनशे बारा पावलं कुणाची?"

"म्हणजे?"

"तुझी का?"

"माझीच. मीच मोजली."

"मग माझी अडीचशेच होतील," भिंगरी म्हणाली. आणि जरा वेळाने, "उद्या अकरा वाजता जिन्याखालचं दार लावून घे. दुकानातला रेडिओ मोठा लाव. आणि दाराला कान लावून उभी राहू नकोस, तुझी सावली खालून दिसते."

दोन वर्षांत ती एका दमात इतकं बोलली नव्हती. रफूवालीने मान खाली घालून जेवण संपवलं, कारण वर बघितलं असतं तर रडली असती, आणि रडली असती तर त्या पोरीने विषय बदलला असता.

बाई आल्या. शेवटच्या पायरीवर दोघी बसल्या असाव्यात. रेडिओवर कुणीतरी हवामानाचा अंदाज सांगत होतं आणि रफूवाली सुईत दोरा ओवत होती तो ओवलाच जात नव्हता. पुढच्या मंगळवारी पुन्हा. मग एके दिवशी जिन्याखालचं दार आतून उघडलं आणि दोघी फुटपाथवर दहा पावलं जाऊन परत आल्या. मग वीस. रफूवालीने शटरच्या फटीतून बघितलं नाही. बघावंसं वाटलं नाही असं मात्र कुणी समजू नये.

अकराव्या मंगळवारी भिंगरी हिरवा कोट घालून खाली आली. चेहरा पांढराफटक. "आज मी तिकडे जाणार आहे. तू मागून ये. बरोबर नको, मागून. आणि बोलू नकोस."

रफूवालीने दुकानाला कुलूप घातलं. भिंगरी पुढे, ताई मागे. टपालपेटीपाशी भिंगरी थांबली, पेटीवर तळहात ठेवून उभी राहिली. तिची पाठ वरखाली होत होती. रफूवालीचे पाय पुढे धावायला बघत होते. तिने ते जागीच रोवले. किती वेळ गेला कोण जाणे. चष्मेवाले काका दारात येऊन काहीतरी विचारणार होते, रफूवालीने ओठांवर बोट ठेवलं आणि काका जन्मात पहिल्यांदा गप्प बसले. मग भिंगरीने पेटीवरचा हात काढला आणि चालू लागली.

घड्याळवाल्यांच्या दुकानात पंचवीस घड्याळं पंचवीस वेळा दाखवत होती. बाजूने लाकडी जिना. वर बाईंनी दार उघडलं. भिंगरी आत गेली. दार लावता लावता बाईंच्या डाव्या कोपरावर रफूवालीची नजर गेली. कुणीतरी काळं ठिगळ लावलं होतं, तेही तिरकं. तिचे हात शिवशिवले. बाईंनी ते ओळखलं, कोपर पाठीमागे लपवलं आणि दार लावून घेतलं.

जिन्याच्या वरच्या पायरीवर ती बसली. दार जुनं होतं. आधी नुसता खुर्च्यांचा आवाज आला. मग भिंगरीचा आवाज, बारीक, थांबत थांबत; आणि मध्येच एक हसू. तेच हसू, बाकावरचं. रफूवालीने छातीवर हात ठेवला. ते हसू तिच्यासाठी नव्हतं. त्या खोलीतल्या परक्या बाईसाठी होतं. तीन वर्षं जे मागितलं ते लाकडी दाराच्या पलीकडे होतं, आणि अलीकडे आपण.

हसू थांबलं. भिंगरी रडत होती. मग स्वच्छ ऐकू आलं, "माझा हात धरून आई म्हणाली, ताईला सांग..."

रफूवाली उठली.

एक क्षण ती तशीच उभी राहिली, भिंतीला धरून. पुढचं वाक्य येणारच होतं. तिला फक्त उभं राहायचं होतं, बाकी काही करायचं नव्हतं. कुणाला कळलंही नसतं. मग तिने मान खिडकीकडे वळवावी तशी वळवली आणि जिना उतरू लागली. पायऱ्या करकरत होत्या, तिने त्या करकरू दिल्या. एक, दोन, तीन... चौदा पायऱ्या उतरून ती घड्याळांच्या टिकटिकीत येऊन उभी राहिली. तिथे वरचं काही ऐकू येत नव्हतं. घड्याळवाल्यांनी न विचारता एक स्टूल पुढे सरकवलं. ती बसली.

तासाभराने भिंगरी खाली आली. नाक लाल, डोळे सुजलेले.

"वरच बसली होतीस ना?"

"बसले होते."

"मग?"

"मग खाली आले."

भिंगरीने तिच्या तोंडाकडे नीट निरखून पाहिलं, कापड उजेडात धरून बघावं तसं. मग तिने आपला हात ताईच्या कोपरात अडकवला. दोघी गल्लीच्या तोंडाशी आल्या. डावीकडे घर होतं. उजवीकडे रस्ता उतरत जायचा आणि त्याच्या टोकाला पुलाचा कठडा दिसत होता. पलीकडचा बाक इथून दिसत नव्हता, पण दोघींनाही ठाऊक होतं तो कुठे आहे ते. भिंगरी तिकडे बघत उभी राहिली. रफूवालीने विचारलं नाही.

"आज नको," भिंगरी म्हणाली.

आणि डावीकडे वळली. चार पावलं गेल्यावर म्हणाली, "हळू चाल ना गं. पिल्लं मागे राहतायत."